पंचगंगाकाठच्या पूरसंरक्षण कामांत स्थानिक कंत्राटदारांना प्राधान्य : ग्रामपंचायत, कार्यालय आणि कंत्राटदार यांच्यासाठी मार्गदर्शक

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. तेव्हापासून प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत नदीकाठची गावे पूरसंरक्षक भिंती, घाटांची दुरुस्ती, दगडी पिचिंग (काठाच्या उतारावर रचलेले दगडांचे अस्तर) आणि खचलेल्या काठाचे मजबुतीकरण मागत आहेत. अशा कामाला निधी मंजूर झाला की गावात लगेच दुसरा प्रश्न निघतो. नदी ओळखणारा, पूर पाहिलेला, हाताखाली दगडकामाचे कारागीर असलेला आपल्या भागातील कंत्राटदार बाजूला राहून दूरच्या मोठ्या कंपनीला काम का मिळते आणि प्रत्यक्ष काम तिच्या हाताखालचे तिसरेच कोणी का करते? हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर निविदा उघडल्यानंतर केलेल्या निवेदनांत किंवा आंदोलनांत सापडत नाही. ते अंदाजपत्रक तयार होत असतानाच शोधावे लागते, कारण स्थानिकांना संधी मिळणार की नाही हे कामाचा आकार, पात्रतेच्या अटी आणि देयकांची पद्धत या तीन गोष्टींवर ठरते. या तिन्ही गोष्टी निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वी निश्चित झालेल्या असतात.

पहिली पायरी : कायद्याची चौकट समजून घेणे

‘फक्त कोल्हापूर जिल्ह्यातील कंत्राटदारांनीच निविदा भरावी’ अशी अट खुल्या निविदेत टिकत नाही. सार्वजनिक पैशातून काम देताना शासनाला मनमानी करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने छत्तीसगडमधील शालेय क्रीडासाहित्याच्या निविदेतील एक अट रद्द केली. त्याच राज्यातील शासकीय संस्थांना पूर्वी पुरवठा केल्याचा अनुभव निविदाधारकाकडे असावा, अशी ती अट होती. बाहेरच्या पात्र निविदाधारकांना दारातच अडवणारी अट समान संधीच्या तत्त्वाला आणि संविधानाच्या अनुच्छेद १४ व १९ ला धरून नाही, असे न्यायालयाने मानले. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात किंवा लोकप्रतिनिधीच्या पत्रात ‘बाहेरच्यांना बंदी’ अशी भाषा वापरू नये. त्या एका वाक्याच्या आधारे संपूर्ण निविदा न्यायालयात अडकू शकते, आणि तेवढ्यात पावसाळा आला तर गावाचे एक वर्ष वाया जाते.

दोन केंद्रीय धोरणांबद्दल गैरसमज आढळतात. सार्वजनिक खरेदीत देशी उत्पादनाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या आदेशातील ‘स्थानिक’ म्हणजे जिल्ह्यातील किंवा तालुक्यातील नव्हे. तेथे वस्तूच्या किमतीतील किती हिस्सा भारतात निर्माण झाला हे पाहिले जाते, आणि पहिल्या वर्गातील पुरवठादारासाठी तो किमान ५० टक्के असावा लागतो. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचे केंद्राचे धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटांना ते लागू होत नाही. या दोन्ही आदेशांचा आधार घेऊन भिंतीच्या कामात प्राधान्य मागणारे अर्ज म्हणूनच फेटाळले जातात. कामाला बाहेरील कर्जसाहाय्य असेल, तर त्या करारातील खरेदीचे नियम आधी वाचावेत, कारण तेथे राज्याच्या नेहमीच्या सवलती लागू होतीलच असे नाही.

कायदा मात्र कामाची मांडणी करण्यास, सर्वांना समान लागू होणाऱ्या पण कामाच्या स्वरूपाशी थेट जोडलेल्या अटी घालण्यास आणि लहान कामांत विशिष्ट गटांना वाटा देण्यास अडवत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या या मोकळ्या जागेतल्या आहेत.

दुसरी पायरी : जागेची आणि हंगामाची नोंद अंदाजपत्रकात उतरवणे

पंचगंगेचा काठ बहुधा पूर चढताना नव्हे, तर ओसरताना ढासळतो. आठवडाभर भिजलेल्या काळ्या मातीत पाणी साठलेले असते. नदीची पातळी झपाट्याने उतरली की बाहेरून काठाला असलेला पाण्याचा आधार निघून जातो आणि आतले पाणी माती घेऊन बाहेर पडते. म्हणून भिंतीच्या उंचीइतकेच लक्ष वीप होल (भिंतीतून पाणी बाहेर सोडणारी छिद्रे), मागचा गाळणथर, जिओटेक्सटाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड) आणि पायथ्याला आधार देणाऱ्या टो वॉलकडे दिले पाहिजे. काठावरील अस्तराच्या संकल्पनासाठी आयएस १४२६२ आणि गॅबियनच्या (दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांच्या) षटकोनी जाळीसाठी आयएस १६०१४ ही भारतीय मानके आहेत, त्यांचा उल्लेख अंदाजपत्रकाच्या तपशिलात असावा. कोणत्या ठिकाणी काठ दरवर्षी किती सरकतो, गावातील ओढा कोठे मिळतो, कोणत्या पाणंदीतून डंपर जाऊ शकतो ही माहिती ग्रामपंचायतीने नकाशावर खुणा करून, छायाचित्रे जोडून, शाखा अभियंत्याकडे लेखी द्यावी. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. काम या रेषांच्या कोणत्या बाजूला येते हेही त्याच नकाशावर दाखवावे.

हंगामाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे, आणि बाहेरचा निविदाधारक नेमका येथेच चुकतो. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जातात आणि नदीत पाणी तुंबून राहते. त्या पाण्यावर दोन्ही काठांच्या उपसा योजना चालतात. टो वॉलचा पाया खणायचा तर खालच्या बंधाऱ्याची पातळी काही दिवस उतरवावी लागते. त्यासाठी पाटबंधारे विभागाशी आणि पाणीवापर करणाऱ्या शेतकऱ्यांशी आधी बोलणे आवश्यक असते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले की पाणी उतरते, पण तोपर्यंत मृग तोंडावर आलेला असतो. दुसरीकडे उसाचा गळीत हंगाम सुरू असताना ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मजूर त्यात गुंतलेले असतात, आणि ऊस तुटल्याशिवाय अनेक ठिकाणी काठापर्यंत वाटच मिळत नाही. ही सर्व माहिती कामाच्या कार्यक्रमपत्रकात लिहिली आणि निविदेसोबत ‘कामाची पद्धत व वेळापत्रक’ सादर करणे सर्वांना बंधनकारक केले, तर नदी ओळखणाऱ्याचे ज्ञान कागदावर मोजता येते. कोणालाही न वगळता मिळणारा हा न्याय्य लाभ आहे.

तिसरी पायरी : कामाचे पॅकेज योग्य आकाराचे ठेवणे

सर्वांत मोठा परिणाम याच पायरीचा होतो, म्हणून आकडे मांडून पाहू. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये पूर्वपात्रतेसाठी जे निकष सुचवले, ते अनेक निविदांमध्ये थोड्याफार फरकाने दिसतात. मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के असावी. तसेच मागील सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी ४० टक्के किमतीची, किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्के किमतीची, किंवा एक काम ८० टक्के किमतीचे पूर्ण केलेले असावे. समजा, तीन गावांच्या काठाचे मिळून १२ कोटी रुपयांचे एकच काम काढले. निविदाधारकाकडे ३ कोटी ६० लाखांची सरासरी उलाढाल आणि ४ कोटी ८० लाखांची तीन, ६ कोटींची दोन किंवा ९ कोटी ६० लाखांचे एक काम केल्याचा दाखला लागेल. तेच काम गावनिहाय ४ कोटींच्या तीन पॅकेजमध्ये काढले, तर १ कोटी २० लाखांची उलाढाल आणि १ कोटी ६० लाखांची तीन, २ कोटींची दोन किंवा ३ कोटी २० लाखांचे एक काम पुरेसे होते. पहिल्या मांडणीत तालुक्यातील जवळजवळ सर्व कंत्राटदार बाद होतात. दुसरीत त्यांच्यातील अनुभवी लोक स्पर्धेत उतरू शकतात, आणि गुणवत्तेचा एकही निकष सैल करावा लागत नाही.

येथे एक कडक सावधगिरी बाळगावी. मान्यतेची किंवा ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे पाडणे ही आर्थिक अनियमितता आहे आणि लेखापरीक्षणात ती पकडली जाते. पॅकेज करणे ही वेगळी गोष्ट आहे. तीत संपूर्ण १२ कोटींच्या कामाला सक्षम प्राधिकाऱ्याची प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता एकत्रितपणे घेतली जाते, पॅकेज का केले याची कारणे टिप्पणीत नोंदवली जातात आणि प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र खुली ई-निविदा निघते. स्वतंत्र पोहोचरस्ता, बंधाऱ्यामागे तुंबणाऱ्या पाण्याचा स्वतंत्र फुगवटा, एकाच हंगामात तिन्ही ठिकाणी समांतर काम करण्याची गरज ही खरी तांत्रिक कारणे आहेत आणि ती तशीच लिहावीत. एकसंध पाया असलेली भिंत मात्र मधूनच तोडून दोघांना देऊ नये. सांध्यातून पाणी शिरले तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही, आणि त्याचे नुकसान गावालाच सोसावे लागते.

पॅकेजनंतर ‘समान स्वरूपाचे काम’ या शब्दांची व्याख्या तपासावी. निविदेत नुसते ‘पूरसंरक्षक भिंतीचे काम’ असे लिहिले, तर ज्याने आयुष्यभर बंधारे, घाट आणि मोऱ्या बांधल्या तोही अपात्र ठरतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, नदीघाट, दगडी किंवा काँक्रीटची प्रतिधारक भिंत, गॅबियन, पिचिंग, पुलाची पायाभरणी अशी व्यापक व्याख्या तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे, कारण पाण्यातील पाया, गाळण आणि दगडकाम ही कौशल्ये या सर्व कामांत सारखीच लागतात. ज्या जिल्ह्याच्या नावाने बंधाऱ्याची पद्धत राज्यभर ओळखली जाते, तेथील बंधारा बांधणारा माणूस भिंतीच्या कामाला अननुभवी ठरावा हे मला मुळीच पटत नाही.

चौथी पायरी : लहान कामांतील राखीव वाटा मिळवणे

घाटाच्या पायऱ्यांची दुरुस्ती, थोड्या लांबीचे पिचिंग, ओढ्याच्या तोंडावरील गॅबियन अशी लहान कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले नोंदणीकृत कंत्राटदार यांच्यात वाटण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. दीर्घकाळ हे वाटप ३३:३३:३४ या प्रमाणात चालत आले. प्रमाण आणि प्रत्येक गटाची आर्थिक मर्यादा शासन निर्णयाने बदलत असल्यामुळे काम वाटप समितीपुढे जाण्याआधी चालू निर्णयाची प्रत हाती असावी. मजूर संस्थेने सभासदांची अद्ययावत यादी, लेखापरीक्षण अहवाल, वर्गीकरण आणि हाती असलेल्या कामांचे विवरण तयार ठेवावे. संस्थेच्या नावावर काम घेऊन ते दुसऱ्यानेच करणे हा या सवलतीचा सरळ दुरुपयोग आहे, आणि तो थांबला नाही तर खऱ्या मजुरांचा वाटाही जाईल. आपल्याकडील दगडकामाचे कसब ज्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या आहे, त्या वडार समाजातील कारागिरांच्या संस्था उभ्या राहाव्यात यासाठी ग्रामपंचायतींनी पुढाकार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पाचवी पायरी : जवळ असण्याचे मोल अटींत आणणे

‘कार्यालय जिल्ह्यात असावे’ ही पात्रतेची अट वादग्रस्त ठरते. ‘काम मिळाल्यानंतर कार्यस्थळी अभियंता, यंत्रसामग्री आणि संपर्क कार्यालय ठेवावे’ ही कराराची अट सर्वांना समान लागू होते आणि टिकते. पुण्याच्या कंपनीलाही ती पाळता येते, फक्त तिला त्याचा खर्च दरात धरावा लागतो. दोषदायित्व कालावधीत (कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीत) प्रत्येक पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर संयुक्त पाहणी, इशारा पातळी ओलांडल्यावर ठरावीक तासांत माणसे आणि दगड घेऊन हजर राहणे, विलंबाला दंड अशा अटी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून, पैशांसह, धराव्यात. पैसे न धरता घातलेली अट कोणीच पाळत नाही. तयार काँक्रीट भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतावे लागते, म्हणून संयंत्र किती अंतरावर असावे याची अट वाहतुकीच्या वेळेवर बेतून घालता येते. मात्र ती एकाच विशिष्ट संयंत्राला सोयीची होईल इतकी अरुंद असू नये.

स्थानिक मजुरांबाबत ‘अकुशल कामासाठी शक्य तेथे कामाच्या परिसरातील मजूर घ्यावेत’ अशी तरतूद करून हजेरीपत्रक मासिक देयकासोबत मागता येते. बांधकाम कामगारांच्या उपकराची १ टक्का कपात देयकातून होतच असते, तेव्हा त्या मजुरांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घेणे हे कंत्राटदाराचे आणि ग्रामपंचायतीचेही काम आहे.

सहावी पायरी : कंत्राटदाराची स्वतःची तयारी

कागदपत्रांतील उणिवेमुळे तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रता-तपासणीत, बाद होणे हे स्थानिक कंत्राटदारांच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे. नोंदणीचा वर्ग आणि त्याची मुदत, जीएसटी आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी, सनदी लेखापालाचा उलाढालीचा दाखला, यंत्रसामग्रीच्या मालकीची किंवा भाडेकराराची कागदपत्रे आणि डिजिटल स्वाक्षरी ही सर्व कागदपत्रे दिवाळीपूर्वी अद्ययावत करावीत, कारण कामे बहुधा त्यानंतर निघतात आणि निविदेची मुदत अपुरी वाटते. निविदा क्षमता, म्हणजे आपल्याला किती रकमेपर्यंतचे काम घेता येईल, हे स्वतः काढून पाहावे. प्रचलित सूत्रात मागील पाच वर्षांतील सर्वाधिक वार्षिक कामाची किंमत, गुणिले काम पूर्ण करण्याची वर्षे, गुणिले दोन, आणि त्यातून हातातील कामांचे शिल्लक दायित्व वजा, असा हिशेब असतो. सर्वाधिक काम दीड कोटीचे, मुदत एक वर्षाची आणि हातात ८० लाखांची कामे शिल्लक असतील, तर क्षमता २ कोटी २० लाख येते. त्याहून मोठ्या कामासाठी दोन-तीन जणांनी संयुक्त भागीदारीचा विचार करावा. त्या निविदेत भागीदारीला परवानगी आहे का आणि मुख्य भागीदाराचा किमान हिस्सा किती हवा, हे आधी वाचावे.

निविदा बी-१ नमुन्यात असेल तर अंदाजपत्रकावर टक्केवारीने आणि बी-२ नमुन्यात असेल तर बाबनिहाय दर भरायचा असतो. दर काढताना खाणीपासूनचे प्रत्यक्ष अंतर, गौण खनिजाचे स्वामित्वधन, जीएसटी, पायातील पाणी उपसण्याचा खर्च आणि पुरात वाहून जाऊ शकणारे साहित्य धरावे. काम हातात यावे म्हणून वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर, भरणे हा आत्मघात आहे. फार कमी दरासाठी अतिरिक्त सुरक्षा अनामत द्यावी लागते, खेळते भांडवल त्यात अडकते आणि मग गाळणथर बारीक होतो, दगड हलका येतो. त्याच्या विरुद्ध टोकाला, आपसांत बसून कोणी किती दर भरायचा हे ठरवणे, म्हणजे टेंडर मॅनेज करणे, हे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ चे उल्लंघन आहे. स्थानिक प्राधान्याच्या मागणीला एवढे नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही.

अट जाचक वाटली तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न द्यावा. प्रश्नात तक्रारीचा सूर नसावा. अट, तिचा परिणाम आणि सुचवलेला पर्यायी मजकूर असे तीनच मुद्दे असावेत. मान्य झालेला बदल शुद्धिपत्रकाने प्रसिद्ध झाला तरच तो खरा. तोंडी आश्वासनाला निविदेत काही किंमत नाही.

सातवी पायरी : देखरेख आणि वेळेवर देयक

माझ्या मते लहान कंत्राटदाराला देता येण्यासारखे सर्वांत मोठे प्राधान्य म्हणजे वेळेवर पैसे. जलजीवन मिशनच्या थकलेल्या देयकांचा प्रश्न २०२५ मध्ये राज्यभर गाजला. त्यातून हे उघड झाले की मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते, सावकाराकडून किंवा सोने तारण ठेवून पैसा उभा करणारा थांबू शकत नाही. म्हणून निधीची तरतूद निश्चित झाल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये, देयके टप्पेनिहाय ठेवावीत आणि पायाचे काम झाकण्यापूर्वी त्याच दिवशी मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावी. झाकल्या गेलेल्या कामाच्या मोजमापावरून होणारे वाद देयक सर्वाधिक रखडवतात.

गावानेही ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून डोळेझाक करू नये. अंदाजपत्रकाची प्रत, दरांचा तुलनात्मक तक्ता आणि मोजमाप पुस्तिकेच्या नोंदी माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतात, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ग्रामसभेने दोन-तीन जाणकारांना पायाच्या खोलीची, दगडाच्या आकाराची आणि वीप होलच्या अंतराची तपासणी करण्यास सांगावे. स्थानिकाकडून झालेले निकृष्ट काम पुढच्या दहा निविदांमध्ये स्थानिकांच्या विरोधात दाखवले जाते.

घाटाखाली उतरणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातील बरेच कंत्राटदार फोंडा आणि आंबा घाटाने कोकणात उतरून समुद्रकिनाऱ्यावरील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामे करतात. तेथे किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार परवानगी लागते, भरती-ओहोटीच्या वेळांवर कामाचे तास ठरतात आणि लाटांचा मारा सोसणारे अवजड दगड किंवा टेट्रापॉड (चार टोकांचे काँक्रीटचे ठोकळे) हाताळायला मोठी यंत्रे लागतात. त्यामुळे तेथील पॅकेज नदीकाठाइतके लहान करता येत नाही, आणि स्थानिकांचा वाटा मुख्यतः खाणकाम, वाहतूक, मजुरी आणि पुढील देखभालीतून द्यावा लागतो. देवगड किंवा मालवणात कोल्हापूरकर हा बाहेरचाच असतो. शिरोळमध्ये आपण जी अट मागतो, तीच तेथील मच्छीमार वस्तीतील लोकांनी मागितली तर ती खुल्या मनाने पाळली पाहिजे. उपकंत्राट द्यायचे असेल तर खात्याची लेखी परवानगी घेऊन, नाव आणि रक्कम नोंदवून द्यावे, म्हणजे त्या स्थानिक उपकंत्राटदाराच्या पैशाला कागदोपत्री आधार राहतो.

आठवी पायरी : काम पूर्ण झाल्याचा दाखला

अंतिम देयक निघाले की कंत्राटदार पुढच्या कामाकडे वळतो आणि दाखला मागायचे राहून जाते. पुढे पात्रतेच्या वेळी अभियंत्याची बदली झालेली असते. म्हणून काम संपताच कार्यकारी अभियंत्याकडून दाखला घ्यावा. त्यात कामाचे पूर्ण नाव, करार क्रमांक, प्रत्यक्ष झालेली रक्कम, सुरुवात आणि पूर्णतेचा दिनांक, मुदतवाढ मिळाली असल्यास तिचे कारण, आणि काँक्रीट, गॅबियन, पिचिंग यांची परिमाणे स्वतंत्रपणे नमूद असावीत. संयुक्त भागीदारी असेल तर प्रत्येकाचा हिस्सा दाखल्यात लिहून घ्यावा, अन्यथा तो अनुभव कोणाच्याच खात्यावर धरला जात नाही. दोषदायित्व काळातील पहिला पूर ओसरल्यानंतर झालेल्या संयुक्त पाहणीचा अहवाल त्याला जोडून ठेवावा. पुढील निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात दाखल्यासोबत हा अहवालही अपलोड करावा.